दातवाल्या काकूंची गिरणी

“याला तर दाढाच नाहीत,” दातवाल्या काकू म्हणाल्या आणि मिरी दळायचा तो काचेचा ग्राइंडर त्यांनी उलटा करून दिव्याखाली धरला. मग चष्मा कपाळावर सारला, पर्समधून दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला लांब दांडीचा गोल आरसा काढला आणि ग्राइंडरच्या तोंडात घातला.

भांडीवाल्याने दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांकडे बघून कसनुसे हसून घेतले. पहिल्या खेपेला त्याला वाटले होते, बाई चेष्टा करताहेत. आता काकू दारात दिसल्या की तो काउंटरवरची दिव्याखालची जागा आपणहून मोकळी करून ठेवी.

“काकू, मिरीचा ग्राइंडर आहे तो. त्याला दाढा कुठून येणार?”

“मग हा दळणार कशाने? हिरड्यांनी?”

भांडीवाल्याने दुसरा काढला. हा लाकडी होता, उंच, बुद्धिबळातल्या वजिरासारखा. याला आयुष्यभराची गॅरंटी आहे, असे त्याने सांगितले. कुणाच्या आयुष्याची, असे काकूंनी विचारले. माणूस सचोटीचा होता. त्याने खोका उलटापालटा करून त्यावरची बारीक अक्षरे वाचली आणि म्हणाला, “यंत्राच्या.”

तरीही काकूंनी तो वजीर घेतला. घरी आधीचे तीन ग्राइंडर आजारी पडून होते आणि रात्रीच्या जेवणाला काहीतरी हवेच होते.

दातवाल्या काकू हे नाव इमारतीतल्या लोकांनी ठेवलेले. काकू एका लॅबमध्ये कवळ्या बनवत. डॉक्टर पेशंटच्या तोंडात गुलाबी लगदा घालून ठसा घेत, तो ठसा काकूंच्या टेबलावर येई आणि मग मेण, प्लास्टर, भट्टी, कानस हे सगळे काकूंचे राज्य. नाव डॉक्टरांचे होई, चावणे मात्र काकूंच्या जिवावर चाले. रस्त्यात कोणी समोरून हसत आले की त्यांना माणसाच्या आधी दात ओळखू येत. नाव आठवत नसे, पण खालच्या उजव्या दाढेला किती वेळ घासले होते ते आठवे. वरची ओळ आणि खालची ओळ एकमेकींवर बसवण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. दोन ओळींच्या मध्ये निळा कागद धरायचा, दात मिटायचे, जिथे निळा डाग गडद उमटेल तिथे घासायचे. डाग सगळीकडे सारखा येईपर्यंत काकू कानस खाली ठेवत नसत. माझ्या हातच्या दोन दातांच्या मधून कागद जाईल पण हवा जाणार नाही, असे त्या अभिमानाने सांगत.

काका, म्हणजे काकूंचे यजमान, निवृत्त होईपर्यंत लिफ्ट तपासत. इमारतीत जायचे, लिफ्टच्या डोक्यावर चढायचे, बॅटरीचा झोत टाकायचा आणि दोष शोधायचा, ही त्यांची नोकरी. ज्या दिवशी दोष सापडत नसे त्या दिवशी काका उदास चेहऱ्याने घरी येत आणि मग ती कसर जेवणाच्या टेबलावर भरून निघे. कांदा घाईत परतलास. लोणी कालचं नाही, परवाचं आहे. सूप ढवळताना तू फोनवर बोलत होतीस. यात सगळ्यात संतापजनक गोष्ट ही, की काकांचे कधी चुकत नसे. लोणी परवाचेच असे. फोन आलेलाच असे. आयुष्यभर नाकाने कांदे सोलणाऱ्या या माणसाला एकदा तरी निमूट जेवायला लाव, असे काकूंनी देवाजवळ किती वेळा मागितले असेल, त्याची गणती नाही.

देव कधी कधी ऐकतो, हीच पंचाईत आहे.

हिवाळ्यात काकांना ताप आला. ताप आठवड्यात गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. नाक म्हणजे जागेवर होते, चष्मा त्यावरच बसत होता, पण वास म्हणून काही येत नव्हता. हे काकूंना फार पुढे समजले. आधी त्यांना एवढेच समजले की नवरा सुधारला आहे. पहिल्या दिवशी काका म्हणाले, छान झालंय. दुसऱ्या दिवशीही म्हणाले. काकू हरखल्या. त्यांनी परगावच्या लेकीला फोन करून ही बातमी सांगितली. लेक पलीकडून म्हणाली, “आई, बाबांना डॉक्टरकडे घेऊन जा.”

काकूंनी ते हसण्यावारी नेले. मग एका संध्याकाळी त्यांच्या हातून बटाट्याचे सूप खालून चांगलेच करपले. घरभर धूर झाला. काका शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. काकूंच्या मनात काय आले कोण जाणे, त्यांनी तेच सूप वाडग्यात वाढून त्यांच्यापुढे ठेवले आणि समोर बसल्या. काकांनी एक चमचा घेतला, दुसरा घेतला आणि म्हणाले, “छान झालंय.”

काकूंनी आपला चमचा खाली ठेवला.

“केव्हापासून?” त्यांनी विचारले.

काकांनी सूपकडे पाहिले. “तापापासून.”

“आणि मला सांगितलं नाहीत.”

“सांगून काय होणार होतं? तू उगाच जिवाला लावून घेतलं असतंस.”

“मग छान छान कशाला म्हणत होता?”

“जे तपासता येत नाही त्यात दोष काढायचा नाही, हा नियम आहे,” काका म्हणाले. “मला काही कळतच नव्हतं. मग मी काय शेरा मारणार?”

“छान हा शेरा नाही का?”

“तो शिष्टाचार,” काका म्हणाले.

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि करपलेले पातेले घासत बसल्या. त्यांना रडू येत होते आणि रागही येत होता, आणि यातले आधी काय करावे ते त्यांना ठरवता येत नव्हते. जे शेरे ऐकून त्यांचे डोके उठे, ते शेरे म्हणजे या माणसाचे जेवणे होते, हे त्यांना आत्ता कळत होते. बाकीचे नुसते पोट भरणे होते.

डॉक्टरांनी सांगितले, वास परत येईल किंवा येणार नाही, आणि त्यासाठी त्यांनी फी घेतली. जेवण चालू राहू द्या, वजन उतरू देऊ नका, असेही सांगितले. पण काकांचे जेवण आता औषध घेतल्यासारखे चाले. कपडे अंगावर सैल पडायला लागले. मग एकदा उकडलेल्या अंड्यावर काकूंनी घाईत ठेचलेली मिरी टाकली होती, तिचा एक जाडसर तुकडा काकांच्या दाताखाली आला. काकांनी हात वर केला.

“थांब.”

“काय झालं?”

“काहीतरी आलं,” काका म्हणाले. त्यांचा चेहरा ढिला बोल्ट सापडल्यावर व्हायचा तसा झाला होता.

त्या दिवसापासून काकू गिरणीच्या शोधात होत्या. ग्राइंडरला त्या गिरणीच म्हणत. मिरी भरड हवी होती, कारण दाणा दाताखाली फुटला तरच जिभेला झोंबणारी ती ठिणगी उठे. पूड झाली की ती सरळ घशात जाई आणि काका खोकत बसत. शिवाय ती हवी जेवताना, टेबलावर, काकांच्या हाताने, कारण किती हवी ते त्यांचे त्यांनाच कळणार. खलबत्ता करून पाहिला. अर्धे दाणे टुणकन उडून कपाटाखाली जात, उरलेल्यांचे पीठ होई, आणि तिसऱ्या जेवणाला खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर येऊन सुतारकाम कधी संपणार म्हणून विचारून गेले.

पहिली गिरणी काचेची होती. चार दिवस तिने झकास भरड काढली, मग तिचे प्लास्टिकचे दात झिजले आणि पूड पडायला लागली. काकूंनी उघडून पाहिले आणि काकांना सांगितले की आपण मिरीबरोबर तिचे दातही खाल्ले आहेत. तशीच दुसरी. तिसरी लेकीने पाठवली, सेलवर चालणारी, खाली दिवा असलेली. दिव्याचा उजेड ताटात पडे, त्यात पूड कशी पडते ते स्पष्ट दिसे. ही गिरणी पुढे ड्रॉवरमध्ये असताना आपली आपणच सुरू होऊ लागली. दुपारी डोळा लागला की ड्रॉवरमधून घरघर ऐकू येई, आणि काका झोपेत लिफ्ट अडकल्याची तक्रार लिहून घेऊ लागत.

आता हा वजीर. दोन दिवस त्याने इमान राखले. तिसऱ्या दिवशी डोक्यावरची चकती फिरता फिरता आपोआप सैल झाली आणि अख्खे दाणे टपाटप सूपमध्ये पडले. काकांनी त्यातला एक नेमका डाव्या दाढेखाली चावला. ती दाढ काकूंच्या हातची होती, म्हणून वाचली. चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात, इथे दोन्ही असून उपाशी राहायची पाळी होती. काकूंनी चकती आवळली तर पूड, सैल केली तर अख्खे दाणे.

काकांनी वजीर हळूच बाजूला सरकवला. “राहू दे आता,” ते म्हणाले. “उगाच दुकानं पालथी घालतेस. मला भूक नसतेच तशी. घड्याळ बघून जेवतो मी, चाललंय.”

काका तक्रारीच्या सुरात बोलले असते तर काकूंना काही वाटले नसते. पण ते समजूतदारपणे बोलले. समजूतदार काकांशी संसार कसा करतात, हे त्यांना माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी काकू वजिराला पर्समध्ये घालून लॅबमध्ये घेऊन गेल्या. जेवणाच्या सुट्टीत त्याचे आतले दोन भाग काढले, बाहेरचे कडे आणि आतला शंकू, आणि तोंडाचा घेतात तसा गुलाबी लगद्यात त्यांचा ठसा घेतला. लॅबचे मालक तिथून जाताना थबकले. हा कसला जबडा, पेशंट कोण, असे त्यांनी विचारले. घरचाच आहे, असे काकू म्हणाल्या आणि मेण वितळवायला लागल्या. कवळीच्या आतली चौकट ज्या धातूची ओततात, त्याच धातूत त्यांनी नवे कडे आणि नवा शंकू ओतला, चकतीला न हलणारी खिट्टी केली, आणि मग नेहमीसारखा निळा कागद घेतला. डाग पडे, काकू घासत. पुन्हा डाग, पुन्हा कानस. अखेर दोन्ही भाग एकमेकांत असे बसले की एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते बोटाला कळेना. इतके देखणे काम आपल्या हातून कोणा माणसाच्या तोंडातही झाले नसेल, असे काकूंना वाटले.

संध्याकाळी त्यांनी अंडी उकडली, बटाटे उकडले आणि टेबलाच्या मधोमध वजीर ठेवला. काकांनी तो अंड्यावर धरून फिरवला. तो लोण्यातून सुरी जावी तसा फिरला. ताटात काही पडले नाही. काकांनी आणखी फिरवला. वजीर फिरत राहिला, मिरीचे दाणे आत वरच्या वर पाहुण्यांसारखे बसून राहिले, आणि अंडे होते तसेच पांढरे राहिले.

काकू खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या.

“माझी बॅटरी कुठे आहे?” काका म्हणाले.

ती बॅटरी निवृत्तीनंतर कोणी मागितली नव्हती. काकूंनी कपाटाच्या तळातून शोधून आणली. काकांनी वजिराचे डोके उतरवले, बाह्या वर केल्या, आणि एक डोळा मिटून आत झोत टाकला. अंडी निवत होती. काकांनी शंकू फिरवला, कान लावला, पुन्हा फिरवला.

“फिरतंय छान,” ते म्हणाले. “आवाज नाही, हिसका नाही.”

“मग?”

“दाणा शिरणार कुठून? तू फटच ठेवली नाहीस.”

“माझ्या हातच्या दातांत आजवर फट राहिलेली नाही,” काकू म्हणाल्या.

“तेच म्हणतोय मी. लिफ्ट भिंतींना चिकटवून बसवली तर ती लिफ्ट नव्हे, कपाट झालं. चारी बाजूंनी जागा सोडावी लागते, तेव्हा ती हलते.” काकांनी बॅटरी विझवली. “काम सुबक आहे. पण चुकलंय.”

काकूंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तुम्ही कधी कवळी केली आहे का, हे वाक्य अगदी ओठांपर्यंत आले. आणि मग त्यांच्या ध्यानात आले की काय ऐकले ते.

“परत म्हणा,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“आत्ता म्हणालात ते.”

“चुकलंय,” काका जरा बिचकून म्हणाले.

काकूंनी पर्समधून कानस काढली आणि तिथेच, जेवणाच्या टेबलावर, पेपर पसरून बसल्या. हात वळत नव्हता. चांगले बसलेले दात सैल करायचे म्हणजे गवयाला मुद्दाम बेसूर गायला सांगण्यासारखेच होते. निळा कागद त्यांनी आताही घेतला, पण आज पहिल्यांदाच त्यावर डाग उमटू नये म्हणून घासायचे होते. काका खुर्ची ओढून शेजारी बसले आणि सूचना द्यायला लागले. वरून जास्त घे. खाली हात आवर. अगं, तिरकं जातंय. काकूंनी त्यांना दोनदा तोंड मिटायला सांगितले. दोघेही बऱ्याच महिन्यांत इतके भांडले नव्हते, आणि भांडता भांडता काकूंच्या लक्षात आले की आपल्याला भूक लागली आहे.

मग काकांनी पुन्हा वजीर हातात घेतला. या वेळी तो करकरला. अंड्यावर काळी जाडसर भरड पडली, एकसारखी, ना पूड ना अख्खा दाणा. काकांनी घास घेतला, सावकाश चावला. काकू त्यांच्या जबड्याकडे बघत होत्या.

“आली,” काका म्हणाले. डोळ्यांच्या कडांना पाणी आले होते, ते मिरीचे असावे. दुसरा घास खाऊन ते म्हणाले, “अंडं पार निवलंय. रबर झालंय.”

“तुमच्यामुळेच झालंय,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवले.

ताज्या दळलेल्या मिरीचा वास टेबलावर पसरला होता. काकूंनी तो घेतला आणि काकांकडे आशेने पाहिले. काकांना प्रश्न कळला. त्यांनी ताटावर वाकून श्वास ओढला, थोडा थांबून आणखी एकदा ओढला, आणि मान हलवली. वास नव्हता.

“कसा येतोय?” त्यांनी विचारले. “सांग ना.”

“मिरीसारखा.”

“हा काय रिपोर्ट झाला?”

काकूंना दातांखेरीज कशाचे वर्णन करायची सवय नव्हती. त्या ताटावर वाकल्या. “पेन्सिल तासल्यावर येतो ना, तसा,” त्या म्हणाल्या. “आणि मागून जरा लिंबाच्या सालीचा. अगदी जरासाच.”

काकांनी डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच बसले आणि मग म्हणाले, “हां. लिंबाचा असतो. बरोबर आहे.”

त्याला आता पुष्कळ दिवस झाले. भांडीवाला अजूनही काकू दिसल्या की दिव्याखालची जागा मोकळी करतो, पण काकू नुसती खुशाली विचारून पुढे जातात. गिरणी सैल झालेली नाही. काकांना अजून वास येत नाही, आणि आता तो येईल असे दोघांपैकी कोणी म्हणत नाही. काकांचे कपडे मात्र पुन्हा अंगाला बसू लागले आहेत. जेवायला बसले की काकू आधी वाडग्यावर वाकतात, वास घेतात आणि सांगतात. काका डोळे मिटून ऐकतात, आणि ऐकून झाले की सांगण्यातले दोष काढतात. लोण्याचं काल जास्त चांगलं सांगितलं होतंस. कांद्याला गोडसर म्हणून भागत नाही, कसला गोडसर?

परवा टोमॅटोचे सूप होते. काकूंनी दोन वाडगी आणून ठेवली, वाकल्यासारखे केले आणि सांगून टाकले, टोमॅटोचा येतोय, लसणाचा येतोय, वरून लोण्याचा. सांगून झाल्याबरोबर त्यांनी चमचा उचलला.

काकांनी डोळे उघडले नाहीत. “घाईत सांगितलंस,” ते म्हणाले. “काहीतरी गाळलंस.”

काकूंनी चमचा खाली ठेवला.

“मुलीचा फोन आला होता,” त्या म्हणाल्या. “खालून जरा लागलंय.”

“वाटलंच,” काका म्हणाले, आणि त्यांनी समाधानाने गिरणी आपल्याकडे ओढली.